मे, दिवाळी की ख्रिसमस? आधी तिकडे सूर्य कधी मावळतो ते बघा

पत्र:
ताई, आम्ही चौघं, म्हणजे मी, मिस्टर, सहावीतली मुलगी आणि सासूबाई (वय ७१), पुढच्या वर्षी व्हिएन्ना आणि प्राग करायचं ठरवतोय. ग्रुप टूर नको, आपलं आपण जायचं, नऊ रात्री. पण कधी जायचं यावरच घरात गाडी अडलीये. मुलीच्या शाळेमुळे मे, दिवाळी नाहीतर डिसेंबर एवढेच पर्याय आहेत. एजंट म्हणतो ख्रिसमसला जा, जन्मात एकदा बघावं असं असतं. वहिनी म्हणते दिवाळीत जा, गर्दी नसते, हॉटेलं स्वस्त मिळतात. मिस्टरांचं म्हणणं मे, म्हणजे इथल्या उन्हातून सुटका. सासूबाईंचे गुडघे दुखतात, थंडी बाधते, पूर्ण शाकाहारी आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी जाणारेत. नेटवर बघितलं तर प्रत्येक जण वेगळाच बेस्ट टाइम सांगतो. नक्की कधी जाऊ?
एक वाचक, नाशिक

उत्तर:
आधी सरळ उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मे चा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा, या पंधरा दिवसांत तुमच्या नऊ रात्री बसवा. मे च्या सुरुवातीला नको. मिस्टरांचं बरोबर आहे, फक्त कारण त्यांनी सांगितलंय ते नाही.

आपण मराठी माणसं युरोपचं नाव काढलं की पहिला प्रश्न विचारतो, थंडी किती असेल? स्वेटर किती घ्यायचे, थर्मल लागतील का, आईंना सोसेल का. ते विचारायलाच हवं पण थंडीवर उपाय असतो, अंगावर अजून एक कपडा चढवला की भागतं. अंधारावर उपाय नसतो, आणि दिवस केवढा मिळणार हे कुणी विचारतच नाही कारण आपल्याला तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो. नाशिक २० अक्षांशावर आहे. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस आणि डिसेंबरमधला सगळ्यात छोटा दिवस यांत सव्वादोन-अडीच तासांचा फरक, त्यामुळे आपल्या डोक्यात संध्याकाळ म्हणजे सहा-सात हे पक्कं बसलेलं असतं. ऑस्ट्रियातली व्हिएन्ना ४८ अक्षांशावर, चेक प्रजासत्ताकातलं प्राग ५० वर. तिथे जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात जेमतेम आठ-सव्वाआठ तासांचा. अर्धा! म्हणजे तेवढेच पैसे, तेवढंच विमान, तेवढीच रजा, आणि बघायला मिळणारा दिवस अर्धा. डिसेंबरच्या मध्यात दोन्ही शहरांत दुपारी चारला सूर्य मावळलेला असतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या आईला घेऊन गेले होते तेव्हा नोव्हेंबरचा मध्य होता, तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून. आईला दुपारी जेवल्यावर पडायची सवय, वय झालेलं, आणि दिवसभर दगडी रस्त्यावर चालून पाय भरून यायचे, म्हणून आम्ही एक-दीडला हॉटेलवर परत यायचो. पहिल्याच दिवशी ती दोन तास छान झोपली, मी पण डुलकी काढली. उठलो तर खिडकीबाहेर दिवे लागत होते. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, अगं रात्र झाली का, मला उठवलं का नाहीस. चार वाजून गेले होते फक्त. मग तिला बाहेर पडावंसंच वाटेना, अंधारात अनोळखी गावात, ओल्या दगडावर पाय घसरेल याची भीती, आणि ते बरोबरच होतं. पाच दिवसांतले पाच दिवस आम्ही सकाळी नऊ ते एक एवढंच शहर बघितलं. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, उलट सगळ्यांना सांगत फिरली की लेकीने मला युरोप दाखवला. मला मात्र ती खिडकी अजून आठवते. म्हणून तुमच्या पत्रातलं बाकी सगळं बाजूला ठेवून मी ७१ हा आकडा आणि गुडघे हा शब्द धरून बसलेय.

आता तोच दिवस मे च्या शेवटी कसा जातो बघा. व्हिएन्नात पहाटे पाचला सूर्य उगवतो आणि रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यानंतरही अर्धा तास चांगलं दिसतं. प्रागमध्ये तर नऊच्या आसपास मावळतो. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे ज्या सासूबाई नाशिकला सहाला उठतात त्यांना पहिले दोन-तीन दिवस तिकडे अडीचलाच जाग येणार. या दिवसांत निदान साडेचारपासून उजाडायला लागलेलं असतं, साडेसहाला चहा घेऊन बाहेर पडता येतं. (हिवाळ्यात घड्याळ बदलल्यावर फरक साडेचार तासांचा होतो, म्हणजे जाग येणार दीडला आणि उजाडणार सातनंतर. कुशीवर वळत पडायचं नुसतं.) तर सकाळी लवकर निघा, बारा-एकपर्यंत फिरा, खोलीवर या, आईंना दोन-अडीच तास निवांत झोपू दे, चहा करा, आणि साडेचारला परत निघा. अजून चार तास लख्ख उजेड शिल्लक असतो! एका दिवसाचे दोन दिवस होतात. म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरायचं तर हा एवढा एकच हिशोब मी लावते, दुपारची झोप काढून किती दिवस उरतो. मे-जूनमध्ये पुष्कळ उरतो, नोव्हेंबर-डिसेंबरात काहीच उरत नाही.

मग मे ची सुरुवात का नको? तिकडे बागकाम करणारे लोक आहेत ना, ते १२ ते १५ मे या दिवसांना फार मानतात. जर्मन बोलणाऱ्या भागात त्यांना आइसहायलिगे म्हणतात, म्हणजे बर्फाचे संत. त्या तारखांना ज्या संतांचे दिवस येतात, पांक्राझ, सर्वाझ, बोनिफाझ आणि शेवटी १५ तारखेला सोफी, त्यांच्यावरून पडलेलं नाव. उकाडा सुरू झाला असं वाटत असतानाच एखादी थंडीची लाट परत येते आणि नवी रोपं करपवून जाते, म्हणून सोफी गेल्याशिवाय टोमॅटोचं रोप बाहेर लावायचं नाही असं तिथल्या आज्या सांगतात. चेक लोकांतही हेच आहे, ते त्या तिघांना गोठलेले पुरुष म्हणतात. दरवर्षी लाट येतेच असं नाही, आपल्या वळवासारखंच, पण आपल्या आज्जीने रोहिणी-मृगाचं सांगितलेलं जसं आपण अगदीच सोडून देत नाही तसं हेही सोडू नये असं मला वाटतं. त्या तारखा उलटू देत. मे मध्ये दुपारी साधारण २० अंश आणि पहाटे १० च्या आसपास असतं, महिनाअखेर त्याहून थोडं ऊबदार. आईंसाठी एक चांगला स्वेटर, एक वाऱ्याचं जाकीट, कानाला स्कार्फ, आणि सगळ्यांना छत्री. छत्री विसरू नका हं, कारण तिकडे आपल्यासारखा पावसाळा वेगळा नसतो, उन्हाळ्यातच सरी जास्त पडतात, दुपारी ढग भरून येतात, गडगडतं आणि तासाभरात मोकळंही होतं. तो तास झोपेत जाऊ दे.

सुरुवात नको याचं दुसरं कारण सुट्ट्या. १ मे दोन्हीकडे सुट्टी, ८ मे प्रागमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या विजयाची सुट्टी आणि त्या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद. पुढच्या सुट्ट्या मात्र ईस्टरवरून ठरतात, आणि ईस्टर ठरतो चंद्रावरून. वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार, म्हणजे आपल्या तिथीसारखंच प्रकरण, दरवर्षी तारीख हलणार. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी गुरुवारची एक सुट्टी, पन्नासाव्या दिवसाच्या रविवारला लागून सोमवारची एक, आणि त्यानंतर दीडेक आठवड्याने पुन्हा गुरुवारची एक. हे तिन्ही दिवस ऑस्ट्रियात सार्वजनिक सुट्टीचे. आपण जसं गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवार टाकून लोणावळा गाठतो तसंच ते लोकही करतात, त्या वीकएंडला हॉटेलचे रेट वर जातात आणि गाड्या भरतात. तारीख ठरवायच्या आधी त्या वर्षीचा ईस्टर बघा, पन्नासाव्या दिवसाचा तो लांब वीकएंड प्रागमध्ये नको, एवढं सांभाळलंत तरी खूप.

या पंधरवड्यात व्हिएन्ना खरंच बघण्यासारखी असते. राजवाड्याशेजारच्या फोक्सगार्टनमध्ये गुलाब फुललेले असतात, आणि गुलाब म्हणजे चार वाफे नाहीत, वाफ्यामागून वाफे, आणि मधेमधे बसायला खुर्च्या. आईंना तिथे तास-दीड तास बसवा आणि तुम्ही तिघं जवळपास हिंडून या, तिकीट नाही काही नाही. शॉनब्रुनच्या महालाला तिकीट आहे पण त्याची एवढी मोठी बाग फुकट, तिथेही सावलीत बाक आहेत. रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ चालू असतात, हिवाळ्यात ते बंद करतात. आणि पाणी कसलं, आल्प्समधल्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात आणलंय, बाटली भरून घ्या, विकत घेऊ नका. ऑपेरा हाऊस पण चालू असतं. हा मुद्दा लोक विसरतात, व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा सप्टेंबर ते जून चालतं आणि जुलै-ऑगस्ट पूर्ण बंद, म्हणजे भर सुट्टीच्या सीझनमध्ये संगीताच्या राजधानीत जाऊन मुख्य देवळाला कुलूप. उभं राहून बघायची तिकिटं अगदी थोडक्या पैशात मिळतात पण ते आईंना नको. त्याऐवजी एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये बऱ्याच दिवशी आतला प्रयोग बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, फुकट, आणि बसायला खुर्च्या मांडलेल्या असतात. पाऊण तास बसायचं, कंटाळा आला तर उठायचं. तुमच्या मुलीला भाषा कळणार नाही, आम्हालाही कळली नव्हती, पण एवढ्या मोठ्या आवाजात एक बाई माइकशिवाय गातेय हे तिला बघू दे.

खाण्याचं. शाकाहारी माणसासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच आहे असं मी छातीठोकपणे सांगेन. एप्रिलच्या मध्यापासून साधारण २४ जूनपर्यंत तिथे पांढऱ्या ॲस्परॅगसचा सीझन असतो, त्याला ते श्पार्गल म्हणतात, आणि आपल्याकडे आंब्याचं जे होतं ना तेच त्यांचं या भाजीचं होतं. हॉटेलांत वेगळं मेनूकार्ड निघतं, सूप, उकडलेल्या बटाट्यांबरोबर, वरून लोणी. फक्त सोबत बहुतेक वेळा हॅम असतं किंवा अंड्याचं पिवळं सॉस, तेव्हा सॉस नको, हॅम नको, नुसतं लोणी द्या असं आधी सांगा. स्ट्रॉबेरीही याच दिवसांत येते, खरी, आतपर्यंत लाल असलेली. बाकी आईंसाठी मी हॉटेलऐवजी किचन असलेलं अपार्टमेंट घ्या म्हणेन, कुकर घरून न्या, खिचडी आणि ताक झालं की माणूस शांत झोपतो. पण एक लक्षात ठेवा, ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतात ती थेट सोमवारी सकाळी उघडतात. दूध-दही-भाजी शनिवारी दुपारीच आणून ठेवा, अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात पण तिथे सगळं गाव लोटलेलं असतं.

आता वहिनींच्या दिवाळीबद्दल. वहिनी चुकीचं सांगत नाहीयेत, पण दिवाळी ही एक तारीख नाहीये ना! २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. मधे अधिक महिना आला की आपली दिवाळी पुढे सरकते, आणि व्हिएन्नात या तीन आठवड्यांत ऋतू बदललेला असतो. २१ ऑक्टोबरला तिथे सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, शॉनब्रुनमधली झाडं पिवळी-तांबडी झालेली असतात, कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात (मरोनी म्हणतात, आपल्या भाजलेल्या रताळ्याच्या चवीच्या जवळ जातं, आईंना नक्की आवडेल). मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि संध्याकाळ एकदम कोसळते, १२ नोव्हेंबरला सव्वाचारच्या सुमारास सूर्य गेलेला असतो. पानं गळून गेलेली, ख्रिसमसचे बाजार अजून लागायचेत, डॅन्यूबवरच्या बऱ्याच बोटी ऑक्टोबरअखेर थांबलेल्या, प्रागच्या किल्ल्याखालच्या उतारावरच्या सुंदर बागाही बंद, आणि वर धुकं. हॉटेलं स्वस्त मिळतात ती याच कारणाने मिळतात. माझी आणि आईची ट्रिप नेमकी याच फटीत सापडली होती.

तेव्हा असं करा, ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचं कालनिर्णय उघडा. दिवाळी ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेच्या आत असेल तर ऑक्टोबर हा माझा दुसऱ्या नंबरचा पर्याय आहे, मनापासून. (२६ ऑक्टोबर ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिवस आणि त्याला लागून तिथल्या शाळांची आठवडाभर सुट्टी, तेवढं टाळा.) नोव्हेंबरात असेल तर विषय बंद करा. २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे ते वर्ष नाहीच. आणि अजून एक, हे तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते, आईंना विचारलंत का की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात दिवा लागणार नाही हे त्यांना चालेल? काही जणींना अगदी सहज चालतं. काही जणी हो म्हणतात आणि मग तिकडे जाऊन संध्याकाळी गप्प होतात. एकदा एकटीला गाठून विचारा, मिस्टरांसमोर नाही.

ख्रिसमस. एजंट खोटं बोलत नाहीये, ते दिवे, ते बाजार, व्हिएन्नाच्या टाऊन हॉलसमोरचं ते भलंमोठं झाड, प्रागच्या जुन्या चौकात १४१० सालच्या घड्याळाच्या जवळ लागलेल्या लाकडी टपऱ्या, जन्मात एकदा बघावं असंच आहे. तिथे अंधार उपयोगाला येतो, चारला काळोख झाला म्हणूनच ते दिवे शोभतात. तुम्ही दोघं आणि मुलगी असा प्रश्न असता तर मी म्हणाले असते जा, आणि २० तारखेच्या आधी परत या. पण आईंना घेऊन? तो सगळा सोहळा उघड्यावर उभं राहून करायचा असतो. बसायला जागा नसते, उंच टेबलं असतात, त्याला टेकून गरम काहीतरी प्यायचं. तापमान शून्य ते तीन अंश. गुडघेदुखीच्या माणसाला थंडीत एका जागी उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं हे माझ्या आईकडून मला कळलंय. खाण्यात सॉसेजेस जास्त, मरोनी आणि बटाट्याचे वडे मिळतात, आणि गरम पेय मागताना किंडरपुन्श मागा, लहान मुलांचं, कारण बाकी बहुतेक सगळ्यात वाइन असते.

त्यात तुमच्या मुलीला ख्रिसमसची सुट्टी मिळणार म्हणजे नेमके २४, २५, २६. लोकांना वाटतं त्या दिवशी तिकडे आपल्या गणपतीसारखी रस्त्यावर धमाल असणार. उलट आहे. २४ ला दुपारीच दुकानं बंद होतात, संध्याकाळी माणसं घरात, बहुतेक खायच्या हॉटेलांची दारं बंद, रस्ते ओस, कारण तो त्यांचा घरचा सण आहे, आपल्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ परक्या पाहुण्याला कशी वाटेल तसं. २५-२६ पण सुट्टी. व्हिएन्नाच्या टाऊन हॉलपुढचा बाजार २६ ला आवरतो. प्रागचा जुन्या चौकातला ६ जानेवारीपर्यंत चालतो, पण त्या आठवड्यात अख्खा युरोप तिथे उतरलेला असतो आणि हॉटेलचे भाव वर्षातले सगळ्यात चढे. एजंटने हे सांगितलं का?

जुलै-ऑगस्टचं तुम्ही विचारलं नाहीत म्हणून लांबवत नाही. व्हिएन्नात हल्ली पारा पस्तिशीच्या पुढे जातो, जुन्या इमारतींत एसी नसतो, कित्येक ठिकाणी पंखासुद्धा नसतो, खिडकी उघडी टाकून झोपायचं. म्हणूनही मे अखेर बरी.

मे चे तोटेही सांगते, लपवत नाही. विमानाचं भाडं आपल्याकडच्या सुट्टीमुळे चढलेलं असतं, त्याला इलाज एकच, लवकर काढणे. आणि प्रागमध्ये गर्दी असतेच, १२ मे ला तिथला मोठा संगीत महोत्सव सुरू होतो तो जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो, १९४६ पासूनचा आहे, हॉटेलं त्यानेही भरतात. म्हणून वार असे लावा: बुधवारी व्हिएन्नाला उतरा, पाच रात्री तिथे, सोमवारी सकाळच्या ट्रेनने प्राग, चार रात्री, शुक्रवारी तिथूनच परतीचं विमान. प्रागची वीकएंडची झुंबड चुकते. ट्रेनला चार तास लागतात, तिकीट आधी काढलं तर पुष्कळ स्वस्त पडतं, सोबत चार सीटचं रिझर्व्हेशन जरूर करा, नाहीतर आईंना घेऊन डब्यातून डब्यात फिरावं लागेल. प्रागचा किल्ला टेकडीवर आहे, तो खालून चढून जाऊ नका, २२ नंबरची ट्राम वर सोडते, वरून बघत बघत उतरा, आणि गुडघ्याला उतारही नको असेल तर परत तीच ट्राम. चार्ल्स पूल सकाळी साडेसहाला करा. १३५७ साली बांधायला घेतलेला अर्धा किलोमीटरचा दगडी पूल आहे, नऊनंतर त्यावर मुंगीला जागा नसते. आई लवकर उठलेल्या असणारच, आणि उजेड पाचपासून असणारच. मुलीला ओढून न्यावं लागेल, न्या.

व्हिसाचं घोडं मात्र आत्तापासून दामटायला लागा. पाच रात्री व्हिएन्नात म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाचा, जिथे मुक्काम जास्त तिथला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे मे अखेर जाणार तर नोव्हेंबरअखेरपासून. नियमाने निर्णय पंधरा दिवसांत, पण गरज पडली तर पंचेचाळीसपर्यंत लांबवू शकतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र एकदम अपॉइंटमेंट शोधायला लागतो. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून टाका. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वयाच्या मुलांना ४५, तेव्हा मुलगी बारा पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेला तर अर्ध्यात काम होईल. प्रत्येकाचा कमीत कमी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आईंचा वयामुळे महाग पडेल, पण गुडघ्याचं आणि बीपी-शुगरचं जे काही असेल ते फॉर्मवर खरं लिहा, लपवू नका.

आणि आज रात्री कपाटातून मुलीचा पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट आपल्याकडे पाचच वर्षांचा असतो, आई-वडिलांचा दहाचा चालू असतो म्हणून मुलांचा संपलेला कुणाच्या लक्षात येत नाही. परत यायच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असायला हवा. आईंचा तर नवाच काढायचा असेल, त्यांचं आधार आणि जन्मतारखेचा कागद यांवरचं नाव सारखं आहे का ते आधी पडताळा, माहेरचं-सासरचं नाव यात महिना जातो. तो मिळाला की मग मला कळवा, व्हिएन्नात कुठल्या भागात राहायचं ते सविस्तर लिहीन, लिफ्ट असलेल्या इमारतीत आणि ट्रामच्या स्टॉपजवळ.